बेसालेलची कात्री आणि आपली मुले



ह्या शब्बाथचा पाराशा वायाकहेल. शेमोथ, म्हणजे निर्गमच्या पस्तिसाव्या अध्यायापासून तो सुरू होतो. सिनेगॉगमध्ये हा भाग वाचला जात असताना पुष्कळांना जांभया येतात, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. किती फळ्या, किती हात लांब, किती पडदे, किती आकडे, कोणत्या रंगाचे सूत, असा सारा सुताराच्या आणि शिंप्याच्या वहीतला हिशेब. सीना पर्वतावरील गर्जना आणि विजा ऐकलेल्या माणसाला ह्यात काय गोडी वाटणार? परंतु आम्ही सारा जन्म शाळेत घालविला, आणि आम्हांस हा पाराशा फार मोलाचा वाटतो. त्याचे कारण एका लहानशा वाक्यात आहे.

मोशे रब्बेनू लोकांस सांगतात, की यहूदाच्या वंशातील हूरचा नातू, उरीचा मुलगा बेसालेल ह्यास परमेश्वराने नाव घेऊन निवडले आहे. त्याला शहाणपण, समज आणि ज्ञान दिले आहे. सोने, रुपे, पितळ, रत्ने, लाकूड, जे हाती येईल त्यातून सुंदर वस्तू घडविण्याचे कसब दिले आहे. एवढे सांगून मोशे थांबत नाहीत. ते आणखी सांगतात, की दुसऱ्यास शिकविण्याची बुद्धीही देवाने त्याच्या अंतःकरणात घातली, आणि ती दान वंशातील अहोलियाबच्या अंतःकरणातही घातली. नुसता चांगला कारागीर देवाला पुरेसा वाटला नाही. ज्याच्या हातात काम आहे त्याने ते दुसऱ्याच्या हातात द्यावे, अशी ती योजना होती.

हा बेसालेल किती वर्षांचा असावा? चित्रांत त्याला पांढरी दाढी दाखवितात. परंतु तालमूदमध्ये आपल्या विद्वानांनी पिढ्यांचा हिशेब मांडून त्याचे वय तेरा वर्षांचे ठरविले आहे. म्हणजे आपला बार मित्झवाचा मुलगा! ज्या वयाच्या मुलाला आपण "पसारा करू नकोस" म्हणून ओरडतो, त्या वयाच्या मुलाकडे देवाने आपल्या निवासमंडपाचे काम सोपविले.

आम्ही हे मनामाहून लिहीत आहोत. बहरीनच्या ह्या बेटावर ज्यू लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून राहत आले आहेत. बहुतेक इराकमधून आले, काही इराणातून, काही हिंदुस्थानातून. १९३० च्या दशकात उभे राहिलेले त्यांचे सिनेगॉग १९४७ साली, पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव झाल्यानंतरच्या दंगलीत, उद्ध्वस्त झाले. त्यानंतर, आणि पुन्हा १९६७ नंतर, बहुतेक कुटुंबे देश सोडून गेली. जी थोडी राहिली त्यांनी धीर सोडला नाही. सिनेगॉग पुन्हा बांधले गेले. सप्टेंबर २०२० मध्ये अब्राहाम करार झाला, आणि २०२१ साली ह्या वास्तूचे नूतनीकरण झाले. तिचे नाव "दहा आज्ञांचे गृह" असे आहे. मूळचे बहरीनी ज्यू आज पन्नासच्या आसपास आहेत. आमच्यासारखी नोकरीनिमित्त आलेली माणसे येतात आणि करार संपला की जातात.

सिनेगॉग आहे, पण मुलांसाठी ज्यू शाळा येथे नाही. म्हणून शुक्रवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलाची शाळा होते. २००६ सालापासून येथे शुक्रवार आणि शनिवार अशी सुटी असते, तेव्हा शुक्रवारची सकाळ मोकळी मिळते. मुले चार किंवा पाच. सर्वांत धाकटे पाच वर्षांचे, थोरला बारा वर्षांचा. पाटी-पुस्तकाऐवजी टेबलावर असतात बुटांची रिकामी खोकी, कात्री, डिंक, रंगाच्या डब्या, जुन्या साड्यांचे काठ आणि खजुराची पाने. त्या आठवड्याचा पाराशा किंवा येणारा सण आम्ही आधी गोष्टीरूपाने सांगतो, आणि मग मुले तो हातांनी करतात.

आमच्या परिचयाच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी हे पाहिले व त्या म्हणाल्या, "मास्तर, हा तर बालवाडीचा खेळ झाला. पोरांना शेमा पाठ करायला लावा, सिद्दूर वाचायला शिकवा. कागद कापून कुणी ज्यू झाला आहे का?"

बाईंच्या बोलण्यात आच होती, आणि आच असलेल्या बोलण्यास उत्तर दिले पाहिजे. शेमा पाठ झालाच पाहिजे, सिद्दूर वाचता आलाच पाहिजे, ह्यात दुमत नाही. आमच्या टेबलावरही आलेफ-बेथची अक्षरे कापली जातात आणि ती जोडून शब्द वाचले जातात. पण "हाताने काम करून कुणी ज्यू झाला आहे का," असे विचाराल, तर आम्ही म्हणू, की होय. आपण सर्व बेने इस्राएल तसेच ज्यू राहिलो.

नवगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या गलबताची कथा आपल्या घरोघर सांगितली जाते. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्याजवळची पुस्तके समुद्रात गेली. पुढे कित्येक शतके आपल्या पूर्वजांपाशी सेफेर तोरा नव्हता, सिद्दूर नव्हता, हझ्झान नव्हता. मग काय होते? घाणा होता. सहा दिवस तो फिरे आणि सातव्या दिवशी थांबे, म्हणून कोकणातील लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. बायकांच्या हातांत कोयती होती. दाविद रहाबी कोकणात आले तेव्हा त्यांनी ह्या लोकांची परीक्षा कशी घेतली, हे परंपरा सांगते. त्यांनी बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली आणि रांधावयास सांगितले. बायकांनी पंख व खवले असलेली मासळी तेवढी उचलली आणि बाकीची बाजूला सारली. लेवीयच्या पुस्तकातला अध्याय त्यांनी वाचला नव्हता. आईच्या शेजारी बसून मासळी निवडली होती, एवढेच. रहाबींनी ओळखले, की हे आपले बंधू.

सणांची नावे पाहा. हाईम शमुएल केहीमकर ह्यांनी १८९७ साली पुऱ्या केलेल्या आणि १९३७ साली छापल्या गेलेल्या आपल्या इतिहासात ती नोंदवून ठेवली आहेत. खिरीचा सण. बिरड्याचा सण. दारफळणीचा सण, म्हणजे दारे लावून घेण्याचा सण, आपला योम किप्पूर. अनाशी ढाकाचा सण, म्हणजे आंबट पदार्थाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण, आपला पेसाह. हिब्रू नावे विसरली गेली होती, काही ठिकाणी कारणेही विसरली गेली होती. पण खीर ढवळणारा हात, बिरडे सोलणारा हात, दार लावणारा हात, भांड्यावर झाकण ठेवणारा हात विसरला नाही. पुढे जाणते लोक आले, पुस्तके आली, केहीमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळा काढली, आणि हातांना जे ठाऊक होते त्यास नाव व अर्थ मिळाला. पण हाताने आधी राखून ठेवले होते म्हणूनच पुस्तकाला सांगावयास काही उरले होते.

आता आमच्या टेबलावर काय होते ते थोडे सांगतो. आपल्यापैकी ज्यांच्या घरी मुले-नातवंडे आहेत त्यांना उपयोग होईल.

नोहाच्या पाराशात तारवाची मापे दिली आहेत. लांबी तीनशे हात, रुंदी पन्नास हात, उंची तीस हात. एका हातास एक मिलिमीटर धरा. लांबी होते ३० सेंटिमीटर, म्हणजे मुलाच्या दप्तरातील पट्टीएवढी. रुंदी ५ सेंटिमीटर, उंची ३. पट्टी ठेवून पुठ्ठा आखावा, तीन मजले करावेत, बाजूला दार ठेवावे. येथील मुलांनी समुद्रात लाकडी ढाऊ पाहिलेली असते, म्हणून एका मुलाने झटकन डोलकाठी उभी केली आणि शीड लावले. आम्ही पाराशा पुन्हा वाचून दाखविला आणि विचारले, "ह्यात शीड कोठे आहे?" त्याने शोधले. शीड नाही. "सुकाणू?" सुकाणूही सांगितलेले नाही. वल्ही नाहीत. मुलगा म्हणाला, "मग ते चालणार कसे?" आम्ही काहीच बोललो नाही. थोड्या वेळाने त्याने स्वतःच डोलकाठी काढून टाकली. नोहाने फक्त बांधावयाचे होते. नेणारा दुसरा होता. हे आम्ही फळ्यावर लिहिले असते तर दुपारपर्यंत पुसले गेले असते.

सुक्कोथच्या वेळी खोक्याची सुक्का करतो. बहरीनमध्ये खजुरीच्या झाडांना तोटा नाही. पूर्वी येथील गरीब लोक खजुरीच्या झावळ्यांची घरे बांधून राहत, त्यांना बरस्ती म्हणत. करबाबाद गावचे लोक त्याच पानांच्या टोपल्या विणतात. एका मुलीने बाजारातून आणलेल्या विणलेल्या चटईचा तुकडा सुक्केवर छप्पर म्हणून घातला. तो सुबक दिसत होता. तेव्हा मिश्नातील नियम सांगावा लागला, की निजावयाबसावयासाठी विणलेली चटई सुक्केचे छप्पर होऊ शकत नाही. छप्पर जमिनीतून उगवलेले आणि कापून आणलेले हवे, आणि माणसाने त्याची वापरावयाची वस्तू केलेली नसावी. तिने विचारले, "पान तर तेच आहे ना?" पान तेच, पण एकदा आपण त्याचे सामान केले की ते आपले झाले. सुक्केत आपण सात दिवस आपले सामानसुमान मागे ठेवून देवाच्या सावलीत बसतो. तिने चटई उचलली आणि सुट्या झावळ्या घातल्या, वरून आकाश दिसेल इतक्या विरळ आणि आत उन्हापेक्षा सावली जास्त पडेल इतक्या दाट. हा नियमही त्या दिवशी बोटांनीच पाठ झाला.

हानुकाचा सण आपल्या पूर्वजांना मागाहून कळला, पण पणती आपल्याला आधीपासून ठाऊक होती. आली नावाच्या गावात कुंभार आहेत. तेथील माती आणून मुले पणत्या करतात. आठ पणत्या सारख्या उंचीच्या, एका ओळीत, प्रत्येकीची ज्योत वेगळी दिसेल अशा, आणि नववी, शाम्माशची, थोडी उंच. एक मोठी आणि बाकीच्या लहान असे चालत नाही. पहिल्या रात्रीचा दिवा आठव्या रात्रीच्या दिव्याहून कमी नव्हे, हे माती थापताना समजते. बेथ हमिक्दाशमधील मेनोरा सात दिव्यांची होती आणि तिची हुबेहूब नक्कल आपण करीत नाही, हेही त्याच वेळी सांगून होते.

तिशा बेआबच्या आधी आम्ही वाल भिजत घालतो. येथे हिंदी दुकानांत वाल मिळतात आणि येथल्या उकाड्यात मोड लवकर येतात. भिजवायचे, फडक्यात बांधायचे, मोड आले की एकेक दाणा सोलायचा. हे काम कंटाळवाणे आहे, आणि ते तसेच असावे. सोलता सोलता मुले येरुशलेमच्या नाशाची हकीकत ऐकतात. अंधारात बांधून ठेवलेल्या दाण्याला मोड का येतो, असे पाच वर्षांच्या पोराने विचारले. आम्ही म्हटले, त्याला पाणी लागलेले असते म्हणून. आपल्या लोकांच्या डोळ्यांतील पाणीही असेच वाया गेले नाही, हे तो मोठा झाल्यावर समजेल.

आणि आता पेसाह जवळ आला आहे, म्हणून हाताच्या ठशाबद्दल. आपल्याकडे जुनी चाल होती, की पेसाहच्या वेळी घराला सफेदी करावी आणि कोकराच्या रक्तात हात बुडवून कागदावर पंजाचा ठसा उठवून तो दारावर लावावा. मिसराइममधील त्या रात्री दाराच्या चौकटीला लावलेल्या रक्ताची ती आठवण. येथे आम्ही तांबडा रंग वापरतो. एका मुलाने रंगात हात बुडविला, ठसा उठविला, मग तो बघत राहिला आणि म्हणाला, "हे तर खोटे रक्त आहे. देवाला कसे कळेल?"

प्रश्न खरा होता. पण देवाला खुणेची गरज कधी होती? त्या रात्री कोणत्या घरात कोण राहतो हे त्याला ठाऊक नव्हते काय? तोरेतील शब्द नीट पाहिले तर ते रक्त तुम्हांसाठी खूण असे म्हटले आहे. त्यावर आपल्या विद्वानांनी सांगितले, की खूण तुम्हांसाठी, दुसऱ्यांसाठी नव्हे. काहींच्या मते ते रक्त चौकटीच्या आतल्या बाजूस लावले होते, घरातल्या माणसांना दिसावे म्हणून. आम्ही त्या मुलाला तेच सांगितले, की हा पंजा तू बघावास म्हणून आहे. रोज आतबाहेर करताना तुला आठवावे, की तू कोणत्या घरचा. त्याने आपला कागद दाराच्या आतल्या बाजूने चिकटविला.

पेसाहच्या रात्री मुलांना दाखविण्यासारखी आणखी एक वस्तू आपल्यापाशी आहे. १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठी अशी हग्गादा छापली गेली. तिच्यातील चित्रांत मत्सा करणाऱ्या बाया लुगडी नेसलेल्या आहेत. त्या काळीही आपल्या लोकांना समजले होते, की मुलाला चित्रात आपली आजी दिसली पाहिजे. आज बाजारात सणांचे आयते साहित्य मिळते. त्यात कोठे बर्फ असतो, कोठे फरची टोपी घातलेले आजोबा असतात. ते आणू नका असे आम्ही म्हणत नाही. पण त्यासोबत एक चित्र मुलाला आपल्या हाताने काढू द्या, ज्यात आई साडीत आहे, ताटात मत्सा आहे आणि खिडकीबाहेर खजुरीचे झाड आहे.

बंधुभगिनींनो, येथपर्यंत आम्ही हातांची थोरवी सांगितली. पण तोरा नुसती थोरवी सांगून थांबत नाही. वायाकहेलच्या अगोदरचा पाराशा कोणता? की थिस्सा. त्यात काय आहे? सोन्याचे वासरू. तेही हातांनीच केले गेले. बायकामुलांच्या कानांतील कुंडले काढून दिली गेली आणि त्यांची मूर्ती घडविली गेली. मग वायाकहेलमध्ये तेच लोक पुन्हा आपले दागिने आणून देतात, आणि त्यातून मिशकान उभा राहतो. सोने तेच, माणसे तीच, हात तेच. परंपरा सांगते, की वासराला विरोध केला म्हणून हूरला लोकांनी मारले. आणि मिशकान उभारण्यास देवाने त्याच हूरचा नातू निवडला. मग एकाचे पाप आणि दुसऱ्याचे पुण्य कशाने झाले?

आमच्या अल्पबुद्धीस तीन गोष्टी दिसतात, आणि त्या मुलांच्या हस्तकलेलाही लागू पडतात.

पहिली गोष्ट, मिशकान आज्ञेप्रमाणे झाला आणि वासरू हौसेप्रमाणे. म्हणून टेबलावर काहीही करण्यापूर्वी तो पाराशा, ती आज्ञा वाचली गेली पाहिजे. आधी वाचन, मग कात्री. मुलाने केलेली वस्तू चुकली तर आपण दुरुस्त करून देऊ नये. पाराशा पुन्हा वाचून दाखवावा आणि त्याला शोधू द्यावे.

दुसरी गोष्ट, वासरू पाहण्यासाठी होते आणि मिशकान सेवेसाठी. ज्या वस्तूचा सणाच्या दिवशी उपयोग नाही, जी काचेच्या कपाटात ठेवून पाहुण्यांना दाखवावयाची, ती कितीही सुंदर असली तरी तिच्यात वासराचा अंश आहे. मुलाने पणती केली तर त्याच पणतीत तेल घालून, मोठ्यांनी शेजारी उभे राहून, ती लावावी. मत्साचे फडके शिवले तर सेदेरच्या ताटावर तेच घालावे, टाके वाकडे असले तरी. ओमेरचे एकूणपन्नास चौकोन आखले तर रोज रात्री एकेक रंगवून मोठ्याने मोजावा. आणि पुठ्ठ्याची मत्सा करून खऱ्या मत्साची सुटका होत नाही, हेही मुलाला कळू द्यावे. शिवाय ज्या कागदावर देवाचे पवित्र नाव आहे तो केराच्या टोपलीत जात नाही. आमच्याकडे त्यासाठी एक डबा आहे. पवित्र नाव आम्ही सहसा लिहू देत नाही, पण चुकून लिहिले गेले तर मूल स्वतः तो कागद डब्यात ठेवते.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. मिशकानाची आज्ञा सांगण्यापूर्वी मोशेंनी कोणती आज्ञा सांगितली? शब्बाथची. सहा दिवस काम, सातवा दिवस पवित्र. देवाचे घर बांधावयाचे असले तरी शब्बाथला हातोडा खाली. शब्बाथला मना केलेली एकोणचाळीस कामे आपल्या विद्वानांनी ह्याच मिशकानाच्या कामांवरून ठरविली आहेत. त्यांत कापणे आहे, शिवणे आहे, रंगविणे आहे, लिहिणे आहे. म्हणजे आमच्या टेबलावरची जवळजवळ सारी कामे! म्हणून शुक्रवारची शाळा शिकविते ते शेवटच्या दहा मिनिटांत. एखाद्याचे तारू अर्धेच झालेले असते. एखादीचा डिंक अजून ओला असतो. मुले गयावया करतात, घरी नेऊन पुरे करू का, असे विचारतात. सूर्य मावळेपर्यंत करा, असे आम्ही म्हणतो, त्यानंतर कात्री खाली. जे अर्धे राहील ते अर्धेच राहू द्यावे. पहिल्या काही शुक्रवारी रडारड झाली. आता मुले स्वतः कात्र्या गोळा करून खोक्यात ठेवतात आणि झाकण लावतात. झाकण लावणारा हा हात पाहून आम्हांस अनाशीचे भांडे झाकणारा जुना हात आठवतो. कोकणात घाणा थांबविणारा तोही हाच.

ह्या सर्वांची निकड आम्हांस का वाटते, तेही सांगून टाकतो. ह्या बेटावर आमच्यासारख्यांचे कोणतेही घर कायमचे नाही. करार संपतो, व्हिसा संपतो, सामान बांधले जाते, आणि मूल पुन्हा नव्या देशात, नव्या शाळेत जाऊन बसते. कदाचित तेथे सिनेगॉग असेल, कदाचित सर्व शहरात ते एकटेच ज्यू मूल असेल. विमानात नेता येणाऱ्या सामानाला वजनाची मर्यादा असते. पुस्तके मागे राहतात, खोक्याच्या सुक्का टाकून द्याव्या लागतात. हातांना वजन पडत नाही. गेल्या वर्षी येथून दूरच्या थंड देशात गेलेल्या एका कुटुंबातील आईने कळविले, की पेसाहच्या आदल्या दिवशी तिची सहा वर्षांची मुलगी तांबडा रंग मागू लागली. आईला वाटले, खेळावयास हवा असेल. मुलगी म्हणाली, "दारावर अजून हात नाही लावला आपण." त्या घरात त्या वर्षी सामान उघडावयाच्या गडबडीत सेदेर राहूनच गेला असता. तो झाला.

आम्ही जेव्हा तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील शाळेत शिकत होतो, तेव्हा हस्तव्यवसायाच्या तासाला टकळीवर सूत कातावे लागे. त्या तासाला मार्क थोडे असत, म्हणून कुणी त्यास मान देत नसे. वायाकहेलमध्ये मात्र लिहिले आहे, की ज्या बायकांच्या मनात शहाणपण होते त्यांनी आपल्या हातांनी सूत कातले आणि ते मिशकानासाठी आणून दिले. तोरा त्या कामाला शहाणपण म्हणते. मुलाच्या हातातील वाकड्या कापलेल्या कागदालाही आपण तोच मान द्यावा.

तेव्हा वाचकहो, विनंती एवढीच. ह्या पेसाहला आपल्या घरातील लहानग्याला शेजारी बसवा. मुंबईत असाल, ठाण्यात असाल, इस्राएलमध्ये असाल, किंवा जेथे दहा माणसे जमणे कठीण अशा ठिकाणी असाल. मत्साचे पीठ मळताना त्याचा हात पिठात जाऊ द्या. दारावरचा ठसा त्याच्या हाताचा असू द्या. ओटा खराब होईल, कपड्यांना रंग लागेल, वेळ दुप्पट जाईल. आणि हे करताना आज्ञा कोणती, ती कोठे लिहिली आहे, हे त्याला सांगा. आपल्यालाच ठाऊक नसेल तर त्याच्यासमोर पुस्तक उघडून शोधा. शोधणारा बाप पाहणे हाही मुलाला मोठा धडा आहे.

ज्याने बेसालेलला नाव घेऊन हाक मारली, तो आपल्या मुलांनाही नावाने ओळखो. त्यांच्या हातांना कसब देवो, त्यांच्या अंतःकरणात शहाणपण घालो, आणि जे त्यांनी शिकले ते पुढच्यांना शिकविण्याची बुद्धी देवो. सहा दिवस त्यांचे हात कामात राहोत आणि सातव्या दिवशी ते विसाव्यात राहोत.

आमेन.

सर्वांना शब्बाथ शालोम, आणि येणाऱ्या पेसाहच्या शुभेच्छा.